ढोकीचा पोलरीमीटर आणि वाकडा रेणू

मी सातवीत असताना मामांनी मला पहिल्यांदा साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नेलं. डिसेंबर होता, हंगाम भरात. ढोकीत हंगाम म्हणजे रस्त्याच्या कडेनं उसाच्या ट्रॅक्टरांची लांबलचक रांग, हवेत मळीचा आंबूस वास आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर धुराड्यातून उडालेली काळी राख. मामा लॅबमध्ये केमिस्ट होते. त्यांनी उसाच्या रसात कसलीशी पांढरी पूड टाकली, ढवळलं, गाळलं, आणि खाली उतरलेलं नितळ पाणी एका लांब काचेच्या नळीत भरून ती नळी दुर्बिणीसारख्या दिसणाऱ्या यंत्रात ठेवली. मग मला स्टुलावर उभं केलं.

"काय दिसायलंय?"

"गोल दिसायलाय. अर्धा काळा, अर्धा उजेडाचा."

त्यांनी बाजूची खुंटी जराशी फिरवली. "आता?"

"आता दोन्ही सारखं झालं."

"सर मग. वाचू दे." त्यांनी पट्टीवरचा आकडा वाचून रजिस्टरमध्ये लिहिला.

मी विचारलं, हे काय मोजलं? ते म्हणाले, साखर. मी म्हटलं, साखर तर कुठं दिसली नाही. त्यावर मामा जे म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तेव्हा त्यातलं काहीच कळलं नव्हतं: "साखर दिसत नसती बाळा. ती उजेड फिरविती. किती फिरविला, तेवढं आपण मोजायचं."

त्या फिरलेल्या उजेडावर कारखान्याचा उतारा ठरतो आणि उताऱ्यावर उसाचा भाव. म्हणजे आमच्या गावात कुणाच्या पोरीचं लग्न यंदा की पुढल्या साली, याचा एक धागा त्या नळीतून जात होता. हे अर्थात नंतर सुचलेलं. तेव्हा मी फक्त काळं-पांढरं बघत होतो.

पुढं इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्सच्या लॅबमध्ये तेच यंत्र पुन्हा भेटलं. नाव होतं 'लॉरेंट्स हाफ-शेड पोलरीमीटर'. साखरेचं 'स्पेसिफिक रोटेशन' ६६.५ अंश यायला हवं, असं सीनियर लोकांच्या जर्नलमध्ये लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळ्या वर्गाचं ६६.५ च्या आसपास आलं. माझंही. मामांना हे कधी सांगितलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दोनेक वर्षांत मला लागलेलं एक वेड. मी फोनच्या स्क्रीनवर कोणतं बटण कुठं असावं याचा कोड लिहून पोट भरतो. ती स्क्रीन मुळात चालते कशी, हे एकदा रात्री वाचायला घेतलं आणि वाचता वाचता एका विचित्र जातीच्या रेणूंपाशी येऊन अडकलो. इंग्रजीत त्यांना 'बेंट-कोअर' म्हणतात, म्हणजे ज्यांचा गाभाच वाकलेला आहे असे. शास्त्रज्ञ आपसांत सरळ 'बनाना' म्हणतात. या केळ्यांचा इतिहास वाचताना मधेच नागपूर आलं, मग बंगळूर, आणि शेवटी चक्क मामांचं ते अर्धं काळं, अर्धं उजळ वर्तुळ.

आधी थोडं मागं जाऊ. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ वितळवून पाहत होता. कुठलाही शहाणा पदार्थ एकदाच वितळतो. हा दोनदा वितळला. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला, आणि १७८.५ ला तो गढूळपणा अचानक जाऊन नितळ द्रव झाला. रायनित्झरनं गोंधळून जर्मनीतल्या ऑटो लेहमान या भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहून नमुने पाठवले. लेहमानकडं तापवता येणारा सूक्ष्मदर्शक होता, त्यात ध्रुवित प्रकाश सोडायची सोय होती. त्यानं पाहिलं तर तो गढूळ द्रव वाहतोय द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतोय स्फटिकासारखा. त्याला नाव पडलं लिक्विड क्रिस्टल, द्रवस्फटिक. अनेक वर्षं बऱ्याच लोकांना हे नावच पटेना. द्रव म्हणजे द्रव आणि स्फटिक म्हणजे स्फटिक, मधलं काही असेल तर नमुना अशुद्ध असणार, असं त्यांचं म्हणणं.

हे मधलं काहीतरी म्हणजे काय, ते समजायला आमच्या रस्त्यावरची उसाची ट्रॉली बघावी. ट्रॉलीत रचलेले ऊस सगळे एका दिशेला तोंड करून पडलेले असतात. पण एक ऊस दुसऱ्याच्या बरोब्बर शेजारी, समान अंतरावर, टोकाला टोक लावून असतो का? अजिबात नाही. कुठला पुढं सरकलेला, कुठला मागं. जागेची शिस्त नाही, दिशेची आहे. द्रवस्फटिकाचा सर्वांत साधा प्रकार असाच असतो, त्याला 'नेमॅटिक' म्हणतात. त्यातले काडीसारखे रेणू एकमेकांवरून घसरतात, जागा बदलतात, पण मोटामोटी एकाच दिशेला तोंड करून राहतात. ही दिशेची शिस्त मोजायला एक संख्या आहे. प्रत्येक काडीचा सामाईक दिशेशी किती अंशाचा कोन आहे ते घ्यायचं, त्याच्या कोसाइनच्या वर्गाची तिप्पट करून एक वजा करायचा, दोननं भागायचं आणि सगळ्या काड्यांची सरासरी काढायची. सगळ्या तंतोतंत समांतर असतील तर उत्तर १. वाट्टेल तशा विखुरल्या असतील तर ०. खऱ्या नेमॅटिकमध्ये ते साधारण ०.४ ते ०.७ च्या दरम्यान असतं. आमच्या ट्रॉलीचं ०.९ च्या वर भरेल असा माझा अंदाज आहे, पण त्यासाठी कुणी ग्रँट देणार नाही.

ट्रॉलीत ऊस नीट रचला जातो, कारण ऊस सरळ असतो. ट्रॉलीभर विळे टाकून बघा, रचता येणार नाहीत. नेमका हाच विचार करून जर्मनीतल्या हाले शहरातल्या डॅनिएल फोरलँडर या रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियम मांडला: रेणू जितका सरळ आणि लांब, तितका तो द्रवस्फटिक होण्याची शक्यता जास्त. या माणसानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी शेकड्यांनी द्रवस्फटिक पदार्थ बनवले. त्याचा नियम इतका चालला की उलट बाजूनंही वापरता येऊ लागला. पदार्थ द्रवस्फटिक होत असेल, तर त्याचा रेणू सरळ असणार. १९२९ च्या सुमारास फोरलँडरनं मुद्दाम वाकडे रेणूही बनवून पाहिले. बेंझिनच्या षट्कोनी कड्याला समोरासमोर दोन हात जोडले की काडी होते. एक जागा सोडून, म्हणजे बारावीच्या केमिस्ट्रीत ज्याला 'मेटा' म्हणतात तिथं जोडले, की दोन हातांत १२० अंशांचा कोन होतो. असे रेणू फारसे चांगले द्रवस्फटिक होत नाहीत, असंच त्याला दिसलं, म्हणजे त्याच्या नियमाला पुरावाच मिळाला. बाटल्या कपाटात गेल्या. १९४१ मध्ये फोरलँडर वारला.

या बाटल्या लक्षात ठेवा.

आता नागपूर. १९५१ साली नागपूर महाराष्ट्रात नव्हतं, मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि आमचं ढोकी हैदराबाद राज्यात. त्या वर्षी नागपूर विद्यापीठातून शिवरामकृष्ण चंद्रशेखर नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा भौतिकशास्त्रात एमएस्सी झाला. (नोबेलवाले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे. नातं एकाच घराण्यातलं आहे, त्यामुळे गुगल दर वेळी गोंधळ घालतं.) हा सी. व्ही. रामन यांचा भाचा. एमएस्सीनंतर तो बंगळूरला मामांच्या संस्थेत, म्हणजे रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला, आणि १९५४ मध्ये त्या कामावर नागपूर विद्यापीठानं त्याला डीएस्सी दिली. मामांच्या प्रयोगशाळेत जाऊन उजेडाकडं बघणारे भाचे मला साहजिकच जवळचे वाटतात, पण तुलना इथंच थांबवतो.

त्याचा विषय काय होता? क्वार्ट्झसारखे स्फटिक ध्रुवित प्रकाश किती फिरवतात आणि प्रकाशाचा रंग बदलला की हे फिरणं कसं बदलतं. म्हणजे तोच मामांचा धंदा, साखरेऐवजी क्वार्ट्झ. गंमत म्हणजे साखर कारखान्यांच्या जुन्या सॅकॅरिमीटरमध्ये साखरेनं फिरवलेला उजेड परत जागेवर आणायला क्वार्ट्झच्याच पाचरी बसवलेल्या असतात.

पण साखर आणि क्वार्ट्झ यांच्यात एक मूलभूत फरक आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. साखरेचा एकटा रेणूसुद्धा डावा-उजवा असतो. आपला उजवा हात आरशात डावा दिसतो आणि उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही, तसं. याला 'कायरल' म्हणतात. ऊस फक्त एकाच हाताची साखर बनवतो. पाण्यात विरघळवली तरी ती उजेड फिरवतच राहते, कारण गुण प्रत्येक रेणूत आहे. क्वार्ट्झचं तसं नाही. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांना डावं-उजवं काही नाही. ते स्फटिकात जिन्यासारखे गोल रचले जातात, तो जिना डावा किंवा उजवा असतो. क्वार्ट्झ वितळवून काच केली की जिना मोडतो आणि उजेड फिरायचा थांबतो. म्हणजे पीळ दोन ठिकाणी असू शकतो, विटेत किंवा बांधकामात. विटा साध्या असतील तर पिळाचं बांधकाम टिकायला ते घट्ट असायला हवं. वाहत्या द्रवात साध्या विटा आपणहून डाव्या किंवा उजव्या रचल्या जातील, असं गृहीत धरण्याचं कुणाला काही कारण नव्हतं.

चंद्रशेखर पुढं केंब्रिजला गेले, तिथं दुसरी डॉक्टरेट केली, लंडनमध्ये काम केलं आणि १९६१ मध्ये म्हैसूर विद्यापीठाच्या नव्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख म्हणून परत आले. नव्या विभागात महागडी यंत्रं नसतात. द्रवस्फटिकांना सूक्ष्मदर्शक, थोडी उष्णता आणि भरपूर विचार लागतो. त्या काळात हा विषय भारतातच काय, जगातही फारसा कुणी घेत नव्हतं. त्यांनी तो घेतला. १९७१ मध्ये ते रामन इन्स्टिट्यूटमध्ये द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभी करायला आले. १९७३ च्या डिसेंबरात बंगळूरला या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तोवर अमेरिकेत आणि युरोपात डिजिटल घड्याळांचे डिस्प्ले बनू लागले होते आणि हा अडगळीतला विषय एकदम पैशांचा झाला होता.

१९७७ साली चंद्रशेखर, रसायनशास्त्रज्ञ बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश या तिघांनी एक छोटा निबंध लिहिला. काडीच्या आकाराचे रेणू कशाला हवेत? बेंझिनच्या कड्याला सहाही बाजूंनी हात जोडले की ताटलीसारखा रेणू होतो. त्यांनी असे रेणू बनवले आणि ते द्रवस्फटिक झाले. ताटल्या एकावर एक चढून खांब झाले आणि ते खांब शेजारी-शेजारी उभे राहिले. फोरलँडरच्या नियमाला पडलेलं हे पहिलं मोठं भगदाड. निबंध छापला 'प्रमाण' या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात, त्याला सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. भारतीय जर्नलमध्ये छापलं तर जग वाचणार नाही, ही भीती आजही प्रत्येक पीएचडीवाल्याला असते. हा निबंध जगानं वाचला. नव्वदच्या दशकात अशाच ताटलीसारख्या रेणूंच्या पातळ फिल्म जपानच्या फुजीनं एलसीडी मॉनिटरवर बसवल्या, त्यामुळे स्क्रीनकडं तिरकं पाहिलं तरी चित्र नीट दिसू लागलं. म्हणजे तुमच्या जुन्या ऑफिसच्या मॉनिटरवर बंगळूरचा एक थर असण्याची बरीच शक्यता आहे.

ताटली चालली म्हटल्यावर पुढचा प्रश्न सरळ होता: मग वाकडं का चालणार नाही? तरीही तो कुणी नीट विचारला नाही. हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं. जपानमध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये असे वाकडे रेणू बनवले, ते द्रवस्फटिक होतात हेही नोंदवलं. खळबळ झाली नाही. खळबळ १९९६ मध्ये झाली, तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत निओरी, वातानाबे, ताकेझोए यांच्या गटानं त्याच जातीच्या पदार्थावर विजेचा दाब लावून बघितला तेव्हा. पदार्थ टकाटक प्रतिसाद देऊ लागला.

यात नवल काय, ते केळ्यांवरून सांगतो. केळ्याची एक फणी बघा. सगळी केळी एकाच बाजूला वाकलेली असतात. एक जरी उलटं घातलं तरी फणीत बसत नाही. या रेणूंचंही तसंच होतं. ते थरांत बसतात आणि दाटीवाटीमुळे एका थरातले सगळे रेणू एकाच बाजूला वाकतात. वाकलेल्या रेणूत विद्युतभार किंचित असमान वाटलेला असतो, त्यामुळे सगळी केळी एका दिशेला वाकली की अख्ख्या थराला एक विजेची दिशा मिळते. आधी असं समजत होते की द्रवस्फटिकात हा गुण यायला रेणू साखरेसारखा कायरल असावाच लागतो. १९७० च्या दशकात रॉबर्ट मेयरनं सममितीचा अतिशय देखणा युक्तिवाद करून तसे पदार्थ शोधायचा रस्ता दाखवला होता. युक्तिवाद बरोबर होता, आजही आहे. फक्त दुसराही रस्ता असू शकतो, हे लोक विसरले.

तोक्योच्या गटानं या पदार्थाला 'फेरोइलेक्ट्रिक' म्हटलं, म्हणजे सगळ्या थरांची विजेची दिशा एकच. इथं ते चुकले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात नोएल क्लार्क, डेव्हिड वॉल्बा, डॅरेन लिंक आणि सहकाऱ्यांनी मोजक्या थरांचे अतिपातळ पडदे ताणून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पहिली, लागोपाठच्या थरांत केळी उलटसुलट वाकलेली आहेत, म्हणजे एकूण विजेची दिशा शून्य. दाब लावला की ती एका बाजूला वळतात. दुसरी, केळी थरात सरळ उभी नाहीत, कलंडलेली आहेत. आणि वाकणं अधिक कलंडणं यांतून जे निघालं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं.

उजवा हात समोर धरा. अंगठा वर, पहिलं बोट पुढं, मधलं बोट डावीकडं. अंगठा म्हणजे थराला काटकोनात असणारी दिशा. पहिलं बोट म्हणजे रेणू ज्या बाजूला कलंडलाय ती. मधलं बोट म्हणजे तो ज्या बाजूला वाकलाय ती. आता डावा हात तसाच धरा, अंगठा वर, पहिलं बोट पुढं. मधलं बोट उजवीकडं गेलं. हे दोन हात कसेही फिरवून एकमेकांवर बसत नाहीत. म्हणजे रेणू स्वतः डावाही नाही, उजवाही नाही, त्याला आरशात धरलं तर तो तसाच दिसतो. पण थरात कलंडून वाकलेला बसला की तो थर डावा किंवा उजवा होऊन जातो. पीळ विटेत नाही, बांधकामात आहे, आणि बांधकाम वाहतंय.

पुढच्या थरात काय होतं तेही बोटांवर करून बघता येतं. फक्त एक बोट उलटलं, म्हणजे नुसतं कलंडणं किंवा नुसतं वाकणं बदललं, तर हात बदलतो. दोन्ही उलटली तर हात तोच राहतो. त्यामुळे थरांच्या चार तऱ्हेच्या रचना होतात: दोन ज्यांत सगळे थर एकाच हाताचे, दोन ज्यांत एक आड एक डावा-उजवा. कोलोरॅडोच्या गटाला त्यांच्या पडद्यांत दोन्ही तऱ्हा सापडल्या, आणि एकाच हाताच्या थरांचे डोळ्यांना दिसतील एवढे मोठे भाग सापडले. १८४८ मध्ये तरुण लुई पाश्चरनं टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक चिमट्यानं वेगळे करून दोन ढीग लावले होते. इथं तसे ढीग पदार्थ आपणहून लावत होता, तेही द्रव अवस्थेत असताना. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री दीड वाजता पलंगावर बसून दोन्ही हातांची बोटं वाकडी करत होतो. रूममेटनं दार लोटून घेतलं.

पुढं या रेणूंच्या इतक्या तऱ्हा सापडू लागल्या की १९९७ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये एक बैठक घेऊन त्यांना बी-१, बी-२ असे नंबर द्यावे लागले, बी-७ पर्यंत. सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. रचना समजण्याआधी व्हर्जन नंबर देऊन मोकळं व्हायचं. बी-२ म्हणजे वरची कलंडलेली केळी. बी-४ चं कोडं तर बारा वर्षं सुटलं नाही. २००९ मध्ये कळलं की त्यात थर सपाट राहूच शकत नाहीत, ते घोड्याच्या खोगिरासारखे वळतात आणि पिळलेल्या फितींचे नॅनोमीटरच्या मापाचे धागे होतात. प्रत्येक धागा डावा किंवा उजवा.

आणि त्या बाटल्या? २००१ मध्ये हालेतल्याच पेल्झल, विर्थ आणि वाइसफ्लोग या तिघांनी फोरलँडरचा एक मूळ वाकडा पदार्थ पुन्हा तपासला. तो बी-६ निघाला. बनाना फेज १९२९ पासून कपाटात होती. तिला पाहणाऱ्याकडं 'द्रवस्फटिक, पण वाईट' एवढाच खाना होता, त्यानं त्यात नोंद केली. मला फोरलँडरला मूर्ख ठरवायचं नाही. त्याच्या नियमानं नव्वद टक्के वेळा बरोबर उत्तर दिलं असतं, मीही तोच वापरला असता. माझ्या फिजिक्स जर्नलमधलं ६६.५ आठवा. त्याची नोंद तर निदान खरी होती.

बंगळूर या टप्प्यातही होतं. ताटल्या बनवणारे सदाशिव आता केळी बनवत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतून वाकड्या रेणूंच्या एकामागून एक मालिका बाहेर पडल्या. २००० साली आर. प्रतिभा, एन. व्ही. मधुसूदन आणि सदाशिव यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. त्यांनी काड्यांच्या थरांत केळी मिसळली. केळी किती, यावर ती कशी बसतात ते ठरत होतं, आणि प्रमाण बदललं की त्यांची दिशाच बदलत होती. एका टप्प्यावर अशी अवस्था मिळाली की थरात रेणू उभे आहेत, पण आडव्या पातळीतही त्यांची एक ठरलेली दिशा आहे. म्हणजे ट्रॉलीतले ऊस नुसते समांतर नाहीत, प्रत्येकाचा डोळाही एकाच बाजूला.

दिशेची ही दुहेरी शिस्त थरांशिवाय, साध्या वाहत्या नेमॅटिकमध्ये मिळेल का, हा या क्षेत्रातला फार जुना आणि भांडणाचा प्रश्न. फ्रायझरनं १९७० मध्ये ती शक्य असल्याचं गणित मांडलं होतं. चंद्रशेखर यांच्या गटानं १९८८ मध्ये तांब्याच्या एका संयुगात ती सापडल्याचा दावा केला, तो पुढं टिकला नाही. चंद्रशेखर ८ मार्च २००४ ला गेले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दोन गटांनी वाकड्या रेणूंत ती सापडल्याचं जाहीर केलं. डिस्प्ले उद्योगाचे कान टवकारले, कारण लांबलचक रेणू फिरवण्यापेक्षा तो आपल्याच अक्षाभोवती वळवला तर स्क्रीन कितीतरी जलद होईल. मग शंका सुरू झाल्या. क्ष-किरणांच्या ज्या खुणा पुरावा म्हणून दाखवल्या होत्या, त्या द्रवात अधूनमधून जमणाऱ्या थरांच्या छोट्या पुंजक्यांमुळेही येऊ शकतात, असं दुसऱ्यांनी दाखवलं. तुमच्या फोनमध्ये केळी नाहीत. एलसीडी असेल तर काड्या आहेत, ओएलईडी असेल तर द्रवस्फटिकच नाहीत.

उपयोग काय, हा प्रश्न आमच्याकडं पहिला येतो. खरं उत्तर असं की आत्तापर्यंत बाजारात फार काही नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाकड्या रेणूंमुळे निदान एवढं कळलं की आरशात स्वतःसारख्याच दिसणाऱ्या वस्तूंची गर्दी डावी-उजवी होऊ शकते, तीही कुणी न सांगता. २०१३ मध्ये नेमॅटिकचाही एक प्रकार सिद्ध झाला, ज्यात वाकडे जोडरेणू जेमतेम दहाएक नॅनोमीटरच्या पिळानं गोल फिरत जातात, जगातल्या सर्वांत घट्ट स्प्रिंगांपैकी एक. इव्हान दोझोव्हनं त्याचं भाकीत २००१ मध्ये केलं होतं. ऊस एकाच हाताची साखर का बनवतो, सगळी सजीव सृष्टी एकाच हाताला का धरून आहे, याचं उत्तर या केळ्यांत नाही, कारण ती डावे आणि उजवे भाग साधारण सारखेच बनवतात. पण एक पारडं जड व्हायला सुरुवात कुठून होऊ शकते, हे त्यांच्यावर प्रयोग करून बघता येतं.

या केळ्यांची एक अवस्था आहे, 'डार्क कॉन्ग्लोमरेट'. नावाप्रमाणे काळी. एकमेकांना आडवे धरलेले दोन पोलरॉइड आणि मधे हा पदार्थ, की सूक्ष्मदर्शकात सगळा अंधार. मग एक पोलरॉइड काही अंश फिरवायचा. अर्धे ठिपके उजळतात, अर्धे काळेच राहतात. उलट बाजूला फिरवला की काळे होते ते उजळतात आणि उजळले होते ते काळे. डावे भाग आणि उजवे भाग, प्रत्येक जण उजेड आपापल्या बाजूला फिरवतोय.

दिवाळीला ढोकीला गेलो तेव्हा याचा व्हिडिओ मामांना दाखवला. ते आता रिटायर झालेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"ह्ये आपलंच हाय की," ते म्हणाले. "साखर किती घातलीय ह्यात?"

मी म्हटलं, साखर नाहीच.

"मग फिरवायलंय कोण?"

मी त्यांच्यासमोर उजवा हात धरला, अंगठा वर केला आणि पहिलं बोट पुढं.